खाकी कव्हरं

॥ श्री ॥
४ जुलै

चि. चिंगीस मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काकांना दोनदा वाचून दाखवलं. सार्वजनिक वाचनालयातलं मुलांचं दालन आता तुझ्या ताब्यात! पण सप्टेंबरअखेर साठ विद्यार्थी सभासद झाले नाहीत, तर ती खोली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना द्यायची, ही तुझ्या मोठ्या बाईंची अट काही माझ्या गळी उतरत नाही. सध्या अकराच म्हणतेस. होतील गं साठ. सकाळी देवापुढे बसते तेव्हा आधी तुझ्या खोलीचं मागते, मग काकांच्या गुडघ्याचं.

चारशे नवीकोरी पुस्तकं आलीत हे वाचून मात्र काळजीच लागली. इतक्या पोरांचे हात लागणार! म्हणून सोबत खाकी कागद पाठवते आहे. वर्षानुवर्षं पार्सलांचा जपलेला, इस्त्री फिरवलेला आहे. सगळ्यांना कव्हरं घाल. डिंक लावू नकोस, झुरळं येतात. कमी पडला तर पलंगाखाली आणखी आहे.

माया आहेच, ती पत्रांनी वाढव.

तुझी मावशी

२८ जुलै

ती. मावशीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावणार नाहीस ना? तुझ्या सांगण्याप्रमाणे चारशेच्या चारशे पुस्तकांना कव्हरं घातली. शिपाईमामांची बोटं सोलली. आणि आता कपाटं अशी दिसतात, की काल दोन वेण्यांची एक मुलगी दारातच थबकली आणि ही कचेरीची रजिस्टरं का, म्हणून विचारून परत निघाली. वाघ, विमानं, भुतं, सगळी खाकीखाली गुडूप! अकरातले दोघे तर यायचेच थांबले.

शाळाशाळांतून फिरून पोरांना बोलावते आहे, पण दाखवू काय? मोठ्या बाई म्हणाल्या, सगळी कव्हरं फाडून टाका. तुझी इस्त्री आठवते आणि हात धजत नाही. काय करू?

आशीर्वाद असू दे, आत्ता जरा जास्तच.

तुझी चिंगी

॥ श्री ॥
३ ऑगस्ट

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चूक माझीच. काका पोट धरधरून हसले, म्हणाले, तू देवालासुद्धा कव्हर घालशील. त्या दिवशी त्यांचा दुसरा चहा बंद.

पण फाडू नकोस, चांगला कागद आहे. माझ्या फडताळात बारा डबे आहेत, सगळे एकसारखे. चुकते का मी कधी? वर लिहिलेलं असतं. नुसतं नाव नाही, तुझ्या काकांसाठी ‘जपून, फार तिखट’ असंही. तसंच कर. जो पुस्तक वाचेल त्याने कव्हरावर आपल्या मनाने एक ओळ लिहायची. तू लिहायचं नाहीस आणि शुद्धलेखन तपासायचं नाहीस. त्या वेण्यावालीला आधी पकड.

धीर सोडू नकोस, लोभ धर.

तुझी मावशी

१४ सप्टेंबर

ती. मावशीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

मावशी, अगं मावशी! सत्तावन्न झाले!

वेण्यावालीने भुतांच्या पुस्तकावर लिहिलं, ‘आधी बाथरूमला जाऊन यावे.’ दुसऱ्या दिवशी त्या एका पुस्तकासाठी सहा जण रांगेत! आकाशाच्या पुस्तकावर एकाने लिहिलंय, ‘हे एवढं मोठं आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘मलापण.’ गणिताच्या कोड्यांवर, ‘ताईने सांगितलं म्हणून घेतलं. ताई बरोबर होती. तिला सांगू नका.’ पोरं आधी कव्हरंच वाचत हिंडतात, भांडतात, मग पुस्तक काखोटीला मारून नेतात. शाळा सुटली की दारात चपलांचा ढीग. मोठ्या बाई ओरडायला आल्या आणि कोड्यांचं पुस्तक घेऊन गेल्या!

पुढच्या कपाटातलं एकच कव्हर कोरं राहिलंय. एकटीने होडीतून समुद्र पार करणाऱ्या बाईचं पुस्तक, उशीएवढं जाड. कोणी हात लावत नाही. त्याची ओळ तू लिहायचीस. कोरं कव्हर सोबत आहे, पुस्तक मात्र नाही. मंडईशेजारच्या तुमच्या वाचनालयात आहे, मी चौकशी केली आहे. ते शिकलेल्यांचं काम, असं म्हणून इतकी वर्षं त्या पायऱ्या टाळल्यास. मॅट्रिक कोण झालं होतं गं?

उत्तराची नाही, ओळीची वाट पाहते.

तुझी चिंगी

॥ श्री ॥
१ ऑक्टोबर

चि. चिंगीस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालच तुझं कार्ड आलं. चौसष्ट! आणि खोली राहिली! देवापुढून उठून तशीच शेजारणीला सांगून आले.

आता माझं ऐक. भाजीची पिशवी घेऊनच पायऱ्या चढले. वाटलं, कोणीतरी हटकेल. तिथल्या बाईंनी फक्त नाव आणि पत्ता विचारला आणि पंख्याखाली बसा म्हणाल्या. शिक्षण कोणी विचारलंच नाही. मीच आपणहून सांगितलं. इतकी वर्षं बाहेर भाव करत उभी राहायचे, गं, आणि आत एवढं सगळं होतं.

नऊ दिवसांत पुस्तक संपवलं. आता काका वाचताहेत, त्यांना शेवट कळवू नकोस. कव्हर परत पाठवते आहे. ओळ खरी आहे, खाडाखोड केलेली नाही:

‘ही बाई वादळात सापडली तेव्हा माझं दूध उतू गेलं. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. पुस्तक जरूर न्यावे, गॅस आधी बंद करावा.’

पोरांना माझे आशीर्वाद, तुला थोडे जास्त.

तुझी मावशी,
सभासद क्रमांक ८१२