पितळेचं प्यादं

अप्पा, काल तुमचा बुद्धिबळाचा डबा उघडला. रविवारी इथे सरस्वतीपुरममध्येच बायकांची स्पर्धा आहे आणि घरात कुणाला न विचारता मी नाव घातलं आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून मी पटाला हात लावलेला नव्हता. पांढरी मोहरी मिळाली तर सुरुवात कोणती करायची, एवढंच बघायला डबा काढला होता.

तुमच्या लेखी त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. पहिली खेळी आपली असताना दार लावून बसायचं नाही, अष्टे, एवढंच. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून तुम्ही येता, हातांना अजून लेथच्या तेलाचा वास असतो, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर पट मांडला जातो. पांढरी नेहमी माझी. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकते, तुम्हीही टाकता, आणि मग मी उंटापुढचं प्यादं तुमच्या तोंडाशी नेऊन ठेवते. घ्या. किंग्ज गँबिट. सारू ढवळता ढवळता आई म्हणते, "बाप नि लेक प्यादी वाटत सुटलेत. माझ्या वाट्या तेवढ्या शिल्लक ठेवा."

कुणापुढे कोणतं प्यादं टाकायचं, हे तुम्ही पुस्तकातून ठरवत नव्हता. डाव सुरू व्हायच्या आधी समोरच्याचे हात बघायला तुम्ही मला शिकवलंत. जो आपली प्यादी पुन्हा पुन्हा घराच्या मधोमध सरकवतो, त्याला किंग्ज गँबिट. त्याला राखायची सवय असते, फुकटचं एक प्यादं मिळालं की तो ते सांभाळत बसतो आणि राजाला विसरतो. जो घड्याळ सुरू व्हायच्या आधीच खुर्चीत चुळबुळतो, त्याला डॅनिश; दोन प्यादी टाकायची, म्हणजे तो घाईघाईने दोन्ही खातो. "आणि ज्याचे हात शांत असतात त्याला?" मी विचारलं होतं. "त्यालाही दे. तू काय सुम्ने, नुसती बसायला आलीस काय?" लेथचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगणारा माणूस माणसांचंही तसंच ऐकायचा, हे मला फार उशिरा कळलं.

सोळाव्या वर्षीची ती शेवटची फेरी. अर्धा गुण मिळाला की जिल्ह्याच्या संघात जागा पक्की होती. माझ्याकडे पांढरी होती. समोरची मुलगी तिची प्यादी सरळ करत होती, एकदा, दोनदा, तीनदा. तुम्ही सांगितलं होतंत तशीच्या तशी. आणि माझा हात गेला तो राजापुढचं सोडून वजिरापुढच्या प्याद्याकडे. पुढे मी दिसेल ते मोहरं मारामारीत संपवलं, चौदावी खेळी केली आणि मान वर न करता बरोबरी विचारली. ती लगेच हो म्हणाली.

पालकांना आत सोडत नव्हते, तुम्ही गेटाबाहेर स्कूटरला टेकून उभे होता. मी म्हणाले, "अप्पा, तिनंच बरोबरी विचारली." तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. मग म्हणालात, "होगली बिडु, जाऊ दे. समोरच्यानं हात पुढे केला तर धरायचा." येताना मसाला डोसा खायला घातलात, आणि तुमच्यातला अर्धाही मला दिलात.

आठवड्याने तुम्ही ते प्यादं आणलंत. आपल्या लाकडी संचातलं उंटापुढचं पांढरं प्यादं कधीचं हरवलेलं, त्या जागी आपण बटण ठेवायचो. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेचं केलं होतंत. बाकीच्यांपेक्षा चौपट जड. "एवढं जड कशाला?" मी विचारलं. "देताना हाताला कळायला पाहिजे काय देतोय ते," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, संघात निवड झाल्याचं बक्षीस आहे. खोटं बोलून मिळालेलं बक्षीस. त्या प्याद्याला हात लावायची मला लाज वाटायची, आणि त्या वर्षानंतर मी खेळणंच सोडलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

काल डब्याच्या तळाशी माझ्या डावांचे कागद सापडले. माझा प्रत्येक डाव तुम्ही रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा मांडून बघायचात आणि चुकलेल्या खेळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचात. तो कागदही त्यात आहे. बरोबरी ज्याने विचारली त्याच्या खेळीपुढे कंसात (=) असं चिन्ह करायचं, हा नियम तुम्हीच माझ्याकडून घोटून घेतला होता. खोटं बोलायच्या आधी मी सवयीने तो पाळला होता. चौदावी खेळी, पांढऱ्याचा रकाना, माझ्याच अक्षरात ते चिन्ह. शेजारी तुमचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह, आणि ते खोडलेलं. कागद तिथे घासून पातळ झाला आहे.

म्हणजे प्यादं करायला घेतलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं.

अप्पा, माणसं पारखणारे पुष्कळ असतात. पारखून झाल्यावर खोडरबर हातात घेणारा मी दुसरा पाहिला नाही.

आज सकाळी पहिल्या फेरीची यादी आली. पितळेचं प्यादं तिथे चालणार नाही, त्यांचे संच त्यांचेच असतात, म्हणून ते पर्समध्ये ठेवलं आहे. हा पत्राचा कागद डब्यात, त्या डावाच्या कागदाखाली ठेवते. एक मात्र सांगून टाकते, नाहीतर पुन्हा तेच होईल. यादी यायच्या आधी, पहिली खेळी माझ्यावर येऊ नये, मला काळी मोहरी मिळावीत म्हणून मी चामुंडीला नारळ बोलले होते.

पांढरी मिळाली.