समेवर न आलेलं गाणं

बाबा, काल मराठी शाळेतून लेकीला घेऊन पिस्कॅटवेला घरी येत होते, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर तुमचं गाणं लागलं. तुमचं म्हणजे, ज्याच्यावरून मी तुम्हांला चारचौघांत गप्प केलं होतं ते. गाणं संपल्यावर, ज्या बँडचं ते गाणं, त्यातल्या गिटारवाल्याची मुलाखत होती. म्हातारा झालाय आता, आवाज घोगरा. गाणं कसं बाहेर आलं ते सांगायला लागला, आणि मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

आईच्या नर्सिंगच्या नोकरीमुळे आपण इथे आलो, तेव्हा मी पहिलीत होते. पुण्यात तुम्ही गणिताचे मास्तर, फावल्या वेळात पेटी वाजवणारे. इथे तबकड्या छापण्याच्या कारखान्यात लागलात. काचेच्या खोलीत बसून नमुन्याची तबकडी ऐकायची. खरखर आली, सुई उडाली, की फॉर्मवर खूण करायची. पहिले चार महिने वाट्याला आली ती चर्चमधली भजनं आणि भाषणं. मग हे गाणं आलं. तुम्ही टेबलावर ताल धरलात, पण शेवटी आवाज बारीक होत होत गाणं विरून गेलं आणि समेसाठी उचललेला तुमचा हात वरच राहिला. रेडिओवर वाजावं म्हणून गाणं काढणाऱ्या कंपनीने शेवट कापून ते आखूड केलं होतं. इकडे गाणी अशी सर्रास संपवतात, हे तुम्हांला कुठे ठाऊक? तुम्ही तबकडी सरळ नापास केलीत. समेला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना, म्हणून शेऱ्यात लिहिलंत, 'गाणं पोचत नाही.' सुपरवायझर पोट धरून हसला आणि गंमत म्हणून तो फॉर्म तसाच कंपनीकडे धाडून दिला. काही आठवड्यांनी नवा साचा आला, अख्ख्या शेवटासकट. तेच गाणं पुढे देशभर वाजलं.

आई पोळ्या लाटत असायची आणि तुम्ही ओट्याशी उभे राहून हे सांगायचात. हात कुठे थांबणार ते मला पाठ होतं. मग मंडळाच्या गणपतीत, जेवणं चालू असताना, एक काका म्हणाले, "अहो, ते गाण्याचं होऊन जाऊ दे!" तुमचा हात वर गेला. मी पंधरा वर्षांची, शेजारी मैत्रिणी. म्हटलं, "बाबा, प्लीज! तुम्ही फक्त स्क्रॅचेस चेक करता. स्टॉप मेकिंग इट अप!" सगळे हसले. तुम्ही हात खाली घेतलात, वरणभात कालवायला लागलात आणि म्हणालात, "खरंय तिचं. ओरखडेच बघतो मी." त्यानंतर तुम्ही आणखी सहा वर्षं जगलात, पण ती गोष्ट पुन्हा तुमच्या तोंडून निघाली नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते, बाबा.

काल तो गिटारवाला म्हणाला, कापलेला शेवट आम्हांलाही सलत होता, पण कंपनी ऐकेना. मग कारखान्यातल्या कुणा बाईने लिहून पाठवलं, गाणं पोचत नाही. तो कागद आम्ही साहेबाच्या टेबलावर आपटला. बाई म्हणाला तो! मी रेडिओकडे बघून ओरडले, "बाई नाही, माझे बाबा!" मागून लेक म्हणाली, "आई, हू आर यू येलिंग ॲट?" मग तिला तुमची गोष्ट सांगितली, वर राहिलेल्या हातासकट; गणपतीतलं तेवढं गाळलं. ती गाणी कॉम्प्युटरवरून उतरवून खिशात घेऊन फिरते, तबकडी तिने पाहिलेलीही नाही. तरी नीट ऐकलंन. "सो आजोबा वॉज राइट," म्हणाली.

आज खरं तर रेडिओवाल्यांना कळवायला बसले होते, की ती बाई नव्हती, माझे वडील होते. पण पुरावा काय, तर तुमचा शब्द. आणि तो मीच खोटा पाडलेला. म्हणून तो कागद बाजूला ठेवून हे लिहिलं, तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत. हेही कुठे टाकायचं नाहीच. फक्त एक सांगायचं राहिलं. लेकीने नंतर विचारलं, "डिड यू बिलीव्ह हिम?" मी गाडी सुरू केली आणि हो म्हणाले.