शाळेच्या अंगणातला गणपती

अहो, ऐकलंत का,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आज तुमच्या सरकारी शाळेची माणसं आपल्या सुदामा नगरच्या घरी पेढे घेऊन आली. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

त्यांना शाळेच्या अंगणात गणपतीचं देऊळ बांधायचंय. तुमच्या स्मरणार्थ! नवे हेडसर म्हणाले, "भाभीजी, सर तो हर चतुर्थी खजराना के गणेश मंदिर जाते थे. उनसे बड़ा भक्त कौन? स्थापना आपके हाथ से होगी." संगमरवरावर तुमचं नाव येणार. समोरच्या काकूंच्या यजमानांच्या नावाचा बगीच्यात नुसता बाक आहे, तर त्या आल्यागेल्याला नेऊन दाखवतात. मी हुरळले, खोटं कशाला बोलू?

तरी "कल मीटिंग में बताती हूँ" म्हणाले. कारण तुमचे ते रुमाल आठवले.

तास तास पूजा करायचात, कपाळभर गंध लावून निघायचात आणि शाळेच्या फाटकाशी पुसून टाकायचात. रुमालाचे डाग मी घासायचे. विचारलं की, "असू दे गं." मला वाटायचं, हा सगळा खटाटोप तुमच्या शाळेतल्या त्या झुबेदा मॅडमसमोर साहेब दिसायला! तुमच्या तोंडी बघावं तेव्हा झुबेदा मॅडम.

खरं कारण मला कुणी सांगितलं? तिनंच, तेराव्याला. "भाभी, सर कहते थे, मेरा माथा देखकर बच्चा ये न सोचे कि क्लास किसके भगवान की है." शाळेत पूजा सक्तीची करायचं निघालं तेव्हा तुम्ही आडवे आलात. कुणी दुआ पढवायची म्हणालं तेव्हा ती, पाच वेळची नमाजी, आडवी आली. हे मला परक्या बाईकडून कळावं? संसार माझ्याशी केलात आणि मन तिच्यापाशी मोकळं केलंत! जळफळाट झाला माझा, अजून होतो. मी काय नुसती डाग काढायला होते?

संध्याकाळी तिचा फोन. "भाभी, सर होते तो मना कर देते. मैं जाकर बोल दूँ?"

म्हणजे तुमच्या मनातलं आताही आधी तिलाच कळणार?

"मना मैं करूँगी. आप नहीं."

"आप? आप तो इतनी पूजा-पाठवाली..."

"इसीलिए!"

रागाच्या भरात बोलून गेले, पण खरंच तसं आहे हो. माझ्या गणपतीचं मी जिवापाड करते. हाजिरीच्या धाकानं पोरांनी जोडलेले हात त्याला पोचणार आहेत थोडेच? तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत. विचारलं असतंत तर मीही हेच सांगितलं असतं, तिच्याआधी!

तर शब्द देते. माझ्या हातून तिथे स्थापना होणार नाही. तुमचं नाव दगडावर नाही लागलं तर न लागो. झुबेदा मॅडम उद्या सोबत येते म्हणाली. येऊ दे. पण बोलणार मी.

तुमचीच,
नलिनी