धोत्र्याची पानं

४ डिसेंबर
अण्णांचा चष्मा पुन्हा बदलला. महिन्यात दुसऱ्यांदा. तरी सुई ओवता येत नाही. पन्नास वर्षं इथे धाड गावात शिवणकाम केलेला माणूस, दोरा चाटत बसतो, आणि तोंड कोरडं म्हणून दोरा ओलाही होत नाही. चष्म्याच्या दुकानदारावर मी चिडले. तो म्हणे, "मॅडम, नंबर बरोबर आहे. वयाले काय इलाज?" वयाच्या नावावर काहीही खपतं.

अकरावीचं प्रॅक्टिकल. धोत्र्याचं फूल कापून दाखवलं. पोरांनी फोटो काढले, वह्या बंद. येताना मैदानाच्या कडेची धोत्र्याची पानं वहिनीला आणली. वाळवून ती अण्णांना त्यांचा धूर देते, दम्यासाठी. दिवाळीपासून रोज संध्याकाळी.

९ डिसेंबर
संध्याकाळी अण्णा रिकाम्या बाजेकडे बघून बोलत होते. कोणाशी, विचारलं. "तुही माय बसून राह्यली ना. काजं करून राह्यली."

आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. हिरवं लुगडं, मांडीवर बटणांचा डबा, सगळं सांगतात. मी बाजेवर बसून दाखवलं, कुणी नाही म्हणून. "सरक व रेखे, तिच्या अंगावर बसली तू." सरकले. स्वतःचाच राग आला.

१० डिसेंबर
वहिनी म्हणते, "ताई, बाहेरचं असन. कोनाले तरी दाखवू." फाडकन बोलले तिला. नोकरीला जालन्यात असलेल्या दादाचा फोन: "तू तं मेंदूवरच शिकली ना? मंग सांग."

शिकले ना. चार वर्षं, माकडांच्या मेंदूवर. माकडाने नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, लक्ष बाजूच्या पुसट पट्ट्यांवर. मेंदूत बघण्याची जी जागा, तिथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. ते थेंबभर औषधाने अडवलं की पट्ट्यांवरचं लक्ष ढिलं पडायचं. डोळा तोच, पट्ट्या त्याच. चौदा नंबरच्या माकडाला मी बंडू म्हणायचे. मग गाइड दुसरीकडे गेले, प्रबंध लटकला, बंडूचं पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. आता बुलडाण्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. येऊन-जाऊन एसटी.

१५ डिसेंबर
अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. "वयानं होतं." परत वय! झोपेची गोळी लिहिली. "आणखी काही औषध चालू आहे?" मी ठासून सांगितलं, नाही.

२१ डिसेंबर
सुट्टी. दुपारी अण्णा खिडकीपाशी, तोंडावर ऊन. डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या. उन्हातही लहान होईनात.

बंडूला भूल द्यायच्या आधी अ‍ॅट्रोपीन टोचायचो, तेव्हा अशाच व्हायच्या. कोरडं तोंड. जवळचं न दिसणं. उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी पानं चुरत होती.

अ‍ॅट्रोपीन धोत्र्यातलंच. बंडूच्या मेंदूत सोडायचो ते औषध त्याचं सख्खं भावंड, तेही धोत्र्यात असतं. दोन्ही तेच रसायन अडवणारी. बाहेरचं नीट पोचलं नाही की मेंदू आतलं घालून चित्र पुरं करतो, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी फेकते. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

वहिनीवर ओरडले. रडली बिचारी. "माह्या बापाले यानंच आराम पडे. अन् पानं तं तुमीच आनून देत होत्या ताई."

मीच. डब्याच्या पिशवीत, पोळ्यांशेजारी.

२२ डिसेंबर
डॉक्टरांकडे एकटीच गेले, सगळं सांगितलं. "शिकल्यासवरल्या तुम्ही! जीव गेला असता." मान खाली. दम्याला ओढायचा पंप दिला, गोळी बंद केली. धूर म्हणजे काही औषध नाही, असंच मी धरून चालले होते. वहिनीला अडाणी ठरवायला मात्र पुढे.

२८ डिसेंबर
अण्णांनी पहिल्याच फटक्यात सुई ओवली! वहिनीच्या झंपराला हूक लावून दिले. दमही बरा. मी खूश. अण्णा नाहीत.

"पंप आला तशी ती येनं बंद झाली."
समजावलं. आई नव्हतीच अण्णा, पानांमुळे दिसत होती.
"तुह्या माकडायले कोन दिसे?"
त्यांना विचारता येत नाही, म्हटलं.
"मंग तुले काय मालूम?"

चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

५ जानेवारी
अण्णांचं जेवण निम्म्यावर. मशीनवर कापड घालून ठेवलंय. दिसतं सगळं स्वच्छ, आणि बघायचं काही नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतात. बरा केला मी माणूस.

९ जानेवारी
उद्या आईचं वर्षश्राद्ध. वहिनी तांदूळ निवडत होती. अण्णांनी मला हाक मारली, आठवड्यानंतर पहिल्यांदा नावाने.

"रेखे, उद्या एकच डाव दे धूर. तिचं काज अर्धं राह्यलं."
मी नाही म्हणाले. जीवावर बेतेल म्हणाले.
"हाव. तू शिकलेली." भिंतीकडे तोंड केलं.

उरलेली पानं वहिनीने फेकायला म्हणून माझ्याकडे दिली होती, मी ओरडले त्याच दिवशी. कपाटात आहेत, कागदाच्या पुडीत. आज दोनदा टाकायला उठले. अण्णांसाठी ठेवली असं म्हणवत नाही. मला कधी दिसली नाही आई, एकदाही नाही.

बाजेवर बसूनच हे लिहितेय. जरा सरकून.