निरंक

अण्णा, बस स्टँडवरून येऊन तासभर झाला तरी मी टेबलाशी तशीच बसून आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. अनुकंपा तत्त्वावर मी तुमच्या जागी नगरपालिकेत लागले. तुमचीच खुर्ची, तुमचंच कपाट आणि तुमच्या वळणदार अक्षरातली बेघरांच्या मोजणीची ती फाईल. दरवर्षी एकच शब्द: निरंक. म्हणजे आपल्या गावात बेघर माणूस एकही नाही. मीही दरवर्षी खुर्चीतून न उठता तोच शब्द उतरवत आले. तुम्ही लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार, याची मला खात्री होती. चौथीत मी मटकी न भिजवताच विज्ञानाच्या वहीत 'तिसऱ्या दिवशी मोड आले' असं ठोकून दिलं होतं, तेव्हा तुम्ही ते पान फाडायला लावलं होतं. "डोळ्यांनी पाहिलं न्हाई ते लिहायचं न्हाई." आई भाकऱ्या थापत होती, तिने माझी बाजू घेतली तर तिच्यावरही डाफरलात.

यंदा नवे मुख्याधिकारी आलेत. त्यांनी फाईल परत पाठवली. म्हणाले, "जाऊन बघा. एक जरी सापडला तरी निवारा द्यावाच लागतो. ती आपली जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही." मी मनात चरफडले. निवाऱ्याच्या खोलीत पालिकेचे कचऱ्याचे डबे रचून ठेवलेत, ते कोण हलवणार? पण स्टँडवर गेले.

चौकशीच्या खिडकीखाली एक म्हातारी बसलेली. पायाला चिंधी, चिंधीवर माश्या. मी वही उघडली आणि ती भिंतीला धरून उठायला लागली. गाठोडं काखेत मारलं.

"आजी, कुठं निघालात?"

"अंबडला. मोजनी हाय ना आज? वही दिसली म्हून उठले. लई वर्सं झाले, कुनी आलंच न्हाई."

मला काही उमगेना. मग तिनेच सांगितलं. "पैले एक साहेब होते, चष्म्यावाले. मोजनीच्या दिशी सकाळीच यायचे. निळ्या फडक्यात भाकर बांधून आनायचे, गाडीत बसवायचे. म्हनायचे, मावशी, देवीला जाऊन या, जल्दी करू नका, सांजेला या. लई पुन्यवान मानूस, बाई."

निळं फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं. वर्षातून एक दिवस ती विचारायची, आज दोन भाकऱ्या जास्त कशाला? तुम्ही म्हणायचात, आज फिरती आहे, भूक लागते. मला ते स्वयंपाकघर लख्ख दिसतंय, तुम्ही फडक्याला गाठ मारताय. मग दुपारी तुम्ही वही घेऊन त्याच स्टँडवर जात असणार. डोळ्यांनी बघत असणार. तिथं कुणी नाही. खोटं तुम्ही लिहिलंच नाहीत, अण्णा!

तुम्हाला तिची दया येत होती, हे मी मानते. पण एक आकडा लिहिला असता तर तिला छप्पर मिळालं असतं. खोली उघडावी लागली असती, गाद्या, रखवालदार, कागदपत्रं, सगळा व्याप. त्यापेक्षा भाकर सोपी. आणि ती अजून तुम्हाला दुवा देते. माझी तर तेवढीही माया नाही. मी बारा वर्षं तिच्या समोरून ऑफिसला आले.

वहीत एक लिहिलं. नाव विचारलं तर घाबरली. "नाव कशाला? मी काय केलं?" खूप समजावल्यावर सांगितलं. आल्याआल्या मुख्याधिकाऱ्यांची सही घेतलीय, खाली डबे बाहेर काढताना आदळआपट चाललीय. संध्याकाळी तिला आणायचंय, आधी पाय दाखवायचाय.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्याच कपाटात ठेवते. पण फाईलमध्ये नाही ते एक इथं सांगते. तिचं बोलणं संपलं तेव्हा अंबडची गाडी समोरच लागली होती. सगळं ऐकूनही मी तिचं गाठोडं हातात घेतलं होतं, अण्णा. गाडीकडे दोन पावलं चाललेही होते.