मागची झालर

४ नोव्हेंबर २०२४
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे! धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षात चौथी बसून वळ गावात पोचले. गोदामांच्या रांगेतच आमची प्रयोगशाळा. आत मात्र सगळं लख्ख. डॉ. चिंतामणींनी स्वतः काम समजावलं. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी असतं, ते तयार करणारी नाजूक झालर म्हणजे कोरॉइड प्लेक्सस. मेंदूज्वरात बाजूच्या पोकळ्यांतली झालर लगेच सुजते, मागची उशिरा. का, ते शोधायचंय. दान मिळालेल्या मेंदूंचे काप काचेवर रंगवायचे आणि सुजेच्या पेशी मोजायच्या.

७ नोव्हेंबर
झाडलोट करणारी तानी दिघाशी गावची. तिचा नवरा जिव्या जूनमध्ये मेंदूज्वराने गेला. तिने त्याचा मेंदू इथे दिला आणि मग इथेच काम धरलं. त्याच्याजवळ राहता येतं म्हणाली. जेवताना तिने विचारलं, "बाय, त्याला लय दुखला का वो?" बघून सांगते म्हटलं.

११ नोव्हेंबर
जिव्याच्या काचा पाहिल्या. बाजूच्या झालरी सुजेच्या पेशींनी गच्च. मागची स्वच्छ, फक्त नऊ पेशी. तानीला सांगितलं, आजार मागे पोचायच्या आत जिव्या सुटला. इतकं ठाम सांगण्याएवढं मला कळत नाही. पण ती पदर तोंडाला लावून रडली आणि तिची अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवून गेली.

१४ नोव्हेंबर
तीच काच पुन्हा पाहिली. मागच्या झालरीत एकतीस. मीच चुकले असेन.

१६ नोव्हेंबर
सत्तर. डॉक्टरांनीही मोजल्या. काच बदलली असेल म्हणाले. पण नंबर माझ्याच अक्षरात आहे. मेलेल्या मांसाला सूज येत नाही.

१९ नोव्हेंबर
बाकी कुणाच्याच काचांत फरक नाही. फक्त जिव्याच्या. त्याच्या मेंदूचा बरणीत ठेवलेला उरलेला तुकडाही फुगलाय. तानीने माझा चेहरा पाहिला. "अजून दुखतंय का त्याला?" मी बरणीवर फडकं टाकलं. नाही म्हणायला हवं होतं, निदान—

२१ नोव्हेंबर
डॉक्टर जिव्याचे अवशेष परत द्यायला कबूल झाले. बरणी, काचा, सगळं दुपारी दिघाशीला नेलं. तानीने स्वतः खड्डा खणला. "सगळा हाय ना तो?" मी हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर
सगळा नव्हता. सप्टेंबरमध्येच त्याचे काही काप पुण्याच्या आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत गेलेत — डॉक्टरांनी आत्ता सांगितलं. फोन केले. दोन्हीकडे तेच. मागची झालर. रोज वाढतेय.

तानी दारात उभी आहे. धुतलेलं लुगडं, केसांत फूल. किती महिन्यांनी तिला झोप लागली म्हणतेय. विचारतेय, आता थांबला ना त्याचा दुखायचा.

मी तिला म्हटलं—