दिवाळीनंतरचं लग्न

प्रिय कल्याणदादा,

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडं सगळे जिते आहेत. घरात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहून राह्यली, असं गिरिजावहिनी म्हणंल. तिला सांग, फोनवर तू मला बोलू देत न्हाईस. मी एक बोलले की तू रडतोस, तू रडलास की मला राग येतो, आन मंग मी फोन ठेवते. मागच्या आठवड्यातबी तेच झालं. तू म्हणालास, दिवाळीनंतर माझ्या मोनिकाचं आन तुझ्या ओमप्रकाशचं लग्न उरकून टाकू, पोरगी तशीबी तुझ्याच घरी आहे. मी हो म्हटलं न्हाई आन न्हाईबी म्हटलं न्हाई. त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण आधी माझं सगळं ऐक. पान उलटून शेवट बघू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

यांची तब्येत पहिल्यापेक्षा बरी आहे. वॉकर धरून दारापासून लिंबापर्यंत जातात, तिथं बाजेवर बसतात. जीभ अजून जड आहे. काल जेवताना एकदम साफ बोलले, "मीठ." भाजीत मीठ कमी पडलं होतं. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, तेबी मला नाव ठेवायला! मोनिका हसून हसून लोळली. मीबी हसले, मंग चुलीपुढं तोंड करून बसले.

तो अपघात कसा झाला ते मला आता उमगलं. आता मेंढरं मीच नेते, त्याच तीर्थपुरीच्या रस्त्यानं. उसाचे दिवस होते. ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागची ट्रॉली गेली, यांना वाटलं गेलं सगळं, आन एक कोकरू मागं राह्यल्तं म्हणून हे पुढं झाले. मागं दुसरी ट्रॉली जोडलेली होती. उभा जन्म रस्त्याच्या कडेनं मेंढरं हाकली या माणसानं, पण अंधारून आलं होतं आन ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. कोकरू वाचलं. सुरुवातीला त्याला बघितलं की माझं डोकं फिरायचं, इकून टाकावं वाटायचं. आता तेच माझ्या पायात पायात करतं. त्याला काय कळतंय.

दादा, तू त्या वक्ताला धावड्याहून जसा निघालास तसा आलास. पायात एक चप्पल तुझी आन एक वहिनीची होती. दवाखान्यातले लोक तुझ्या पायाकडं बघून राह्यले होते. रक्त दिलंस, माझं मेंढरांचं खांड तुझ्या कळपात घालून उन्हाळाभर सांभाळलंस आन मोनिकाला माझ्याकडं ठेवून गेलास. या सगळ्याचं मी कधी तोंडावर चांगलं बोलले न्हाई. आताबी बोलणार न्हाई. तुला माहीत आहे.

मेंढरामागं एकटी बसले की मला धावड्याचं रान दिसतं. तू काठीनं मातीवर अक्षर काढायचास आन मेंढरं ते तुडवून जायची. जल्दी वाच, वच्छे, जल्दी, मेंढरं आली! म्हणून तर मला वाचता पटकन येतं आन लिहिता असं वाकडं येतं. मी चौथीत होते तेव्हा बाबानं मला शाळेतून काढलं, तर तू दोन दिवस भाकरी खाल्ली न्हाईस. बाबा म्हणाले, शब्द दिलेला आहे, पोरगी शिकून काय करणार. तूबी तेव्हा बारकाच, तुझं कोण ऐकतंय. मंग मी इकडं आले. माझं वाईट झालं असं मी म्हणत न्हाई. हे भले निघाले. कधी हात उगारला न्हाई, पहिल्या लोकरीचं घोंगडं मला दिलं, आईला न्हाई दिलं. सासू वर्षभर बोलली न्हाई माझ्याशी. बरं झालं, तेवढीच शांतता.

मोनिकाच्या बारशाला मी कानात नाव सांगितलं आन त्याच दमात सगळ्यांपुढं म्हटलं, ही माझी सून. आपल्यात भावाच्या पोरीवर आत्याचा हक्कच असतो. ओमप्रकाश तेव्हा नाक गळत माझ्या पदराला धरून उभा होता. सगळे हसले, तू गूळ वाटलास. सगळे करतात तसंच आपण केलं, त्यात काही चूक न्हाई. पण गूळ आपण खाल्ला, पोरांना कुणी विचारलं?

आता मोनिकाचं ऐक. तू तिला रोज फोनवर ऐकतोस, मी तिला बघते. दवाखान्यात ती यांना कुशीवर वळवायला शिकली. पाठीला जखम होऊ नये म्हणून घडी घातलेलं धडपं कुठं ठेवायचं, ते तिनं मला शिकवलं. मी घाई करते, ती करत न्हाई. तिथली सिस्टर म्हणाली, हिला नर्सिंगला घाला. ते मोनिकानं मला त्याच दिवशी सांगितलं, जेवताना परत सांगितलं, आन झोपताना म्हणाली, आत्या, ती सिस्टर गंमत करत आसंल न्हाई का? बारावीला तिला मार्क चांगले पडलेत, फॉर्मबी भरून झालाय, हे तुला माहीत आहे. जालन्याच्या कॉलेजातून नंबर लागल्याचा मेसेज आला तेव्हा ती पीठ मळून राह्यली होती. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आन म्हणाली, आत्या, मी कुठं जात न्हाई, मामांना कोण बघंल?

मी तेव्हा खूश झाले, खोटं कशाला बोलू. मला माणूस पाहिजे होतं. मी रानात, ओमप्रकाश कंपनीत, शनिवारी येतो आन सोमवारी पहाटे जातो. घरात ती नसती तर मी काय केलं असतं?

पण तू लग्नाचं बोललास तेव्हापासून ती बदलली. ही पोरगी बारकेपणापासून त्याला ओम्या म्हणते. ओम्या, काळ्या, रेड्या, काय काय म्हणायची, तो काठी घेऊन मागं लागायचा. या शनिवारी तो आला तर ती भिंतीकडं बघून म्हणाली, "जेवायला वाढलंय म्हणावं." कुणाला म्हणावं? जेवायचे आम्ही तिघंच राह्यलो होतो. यांना तर आधीच जेवू घातलं होतं. दादा, मी माझ्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं न्हाई, या पत्रातबी घेत न्हाई, मला त्याचं काही वाटत न्हाई. पण तिनं त्याचं नाव टाकलं ते लाजून न्हाई. लाजलेली पोरगी मला कळते. ही वजन उचलायला कंबर बांधून उभी राह्यलेली पोरगी होती.

रात्रीपर्यंत मला दम निघाला न्हाई, मी ओमप्रकाशला गोठ्यात धरला. म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते बोल. तो म्हणाला, तिनं हो म्हटलं का? मी म्हटलं, ती न्हाई म्हणत न्हाई. तो म्हणाला, "मंग आई, ते हो न्हाई." आन चारा टाकायला लागला. मला वाटायचं हे पोरगं मंद आहे.

तू माघार घेणार न्हाईस हे मला बराबर माहीत आहे. लोक म्हणतील, मेव्हणा लुळा पडला तसा कल्याण फिरला, मोडक्या घरात पोरगी दिली न्हाई. या एका बोलण्यापायी तू स्वतःच्या पोरीला माझ्या चुलीशी बांधशील आन आयुष्यभर माझ्यापुढं हसत बसशील. म्हणून शब्द मी मोडते. या पंचमीला मी धावड्याला येते. भावकी बसली की सगळ्यांपुढं म्हणीन, मला शिकलेली सून नको, कल्याणची पोरगी मी करत न्हाई. मला सगळे आधीच तोंडाळ म्हणतात, कुणाला नवल वाटणार न्हाई. तू माझ्यावर चिडायचं. चांगलं चिडायचं, हसायचं बिलकुल न्हाई आन रडायचं तर त्याहून न्हाई. कुणी विचारलं तर सांग, बहीण फिरली. वहिनीला खरं सांग, बाकी कुणाला न्हाई. पण कॉलेज तोवर थांबायचं न्हाई. म्हणून त्याच्याआधी, येत्या सोमवारी, तू इकडं ये आन मोनिकाला जालन्याला घेऊन जा. मी तिला अजून सांगितलं न्हाई. ती रडंल, राहते म्हणंल, मामांच्या बाजेला धरून बसंल. यांचं मी बघीन, शेजारची बाई दुपारचं येते म्हणाली आहे, न्हाई जमलं तर चार मेंढरं कमी करीन. मी सोमवारी रानात जाऊन बसणार, कारण मी समोर असले तर मीच तिला थांब म्हणीन. तू माझी वाट बघू नकोस. पोरीला घे आन निघ.

तुझीच
वच्छी